मेअखेरीची दक्षिण युरोपातली पाणथळं: कुठे जायचं आणि घरट्यांपासून किती लांब राहायचं

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकमधलं मराठी जोडपं, नाशिकहून आई-बाबा मेच्या शेवटी येणार आहेत. बाबांनी नांदूर मध्यमेश्वरला वर्षानुवर्षं पक्षी पाहिले आहेत, आईंचे गुडघे दुखतात. हाताशी आठ दिवस. स्पेनमधलं दोन्याना, फ्रान्समधलं कामार्ग आणि ग्रीसमधलं केर्किनी सरोवर, यांतलं काय निवडावं? घरट्यांच्या वसाहती जवळून बघायला मिळतील का? आणि ड्रोन आणावा का?

ड्रोनचं उत्तर सोपं आहे, तो म्युनिकलाच राहू द्या. या तिन्ही ठिकाणी संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. परवानगी मिळाली असती तरी मी नकोच म्हटलं असतं. त्याचं कारण पुढे घरट्यांच्या विषयात येईल.

निवडीचा प्रश्न मात्र जरा उलगडून सांगायला हवा. बहुतेक लोक आधी जागा ठरवतात, मग रजा मिळेल तेव्हा जातात आणि तिथे कोरडी भेगाळलेली जमीन बघून परततात. दक्षिण युरोपात पाणपक्ष्यांची वीण पाण्यावर ठरते, आणि पाणी जागेनुसार अगदी वेगळ्या तऱ्हेनं येतं. कुठे ते हिवाळी पावसाचं असतं, कुठे मिठागरवाल्याच्या पंपाचं, कुठे भातशेतीच्या पाटाचं, तर कुठे धरणाच्या दरवाजाचं. तुमच्या तारखांना कुठलं पाणी भरलेलं असेल, एवढं बघितलं की निम्मा निर्णय आपोआप होतो.

दोन्यानाचं पाणी पावसाचं. ग्वादालकिविर नदीच्या मुखाशी पसरलेली ही दलदल शरद आणि हिवाळ्यातल्या पावसानं भरते, वसंतात तिथे विणीची झुंबड उडते आणि जुलैपर्यंत सगळं वाळून जातं. आपल्या मान्सूनच्या बरोबर उलटं गणित. पावसाळा चांगला गेला असेल तर एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत दोन्यानासारखं दुसरं ठिकाण मला सांगता येणार नाही. मोरशराटी तिथून एक प्रजनक पक्षी म्हणून नाहीसा झाला होता. 1996 मध्ये मोजक्या जोड्या परत घरटी करायला लागल्या आणि आता त्यांची संख्या हजारांत आहे. पण पावसानं दगा दिला तर वीण जवळपास होतच नाही. त्यात आसपासच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांसाठी आणि पर्यटकांच्या वसाहतींसाठी भूजल बेसुमार उपसलं गेलं. त्यावरून युरोपीय न्यायालयानं 2021 मध्ये स्पेनला दोषी धरलं. सांता ओलाया हे तिथलं सर्वांत मोठं कायम पाण्याचं तळं, तेही 2022 च्या उन्हाळ्यात आटलं आणि पुढच्या उन्हाळ्यातही. मेअखेरीस तिथे ऊनही चांगलंच तापतं. तेव्हा तुमच्या तारखांना दोन्याना नको. पुढे कधी एप्रिलमध्ये जाल तेव्हा एल रोसियो गावात उतरा. गावातले रस्ते वाळूचे आहेत, दारात घोडे बांधलेले असतात आणि गावाच्या कडेच्या फरसबंद वाटेवरूनच पाणथळ दिसते. तिथे संध्याकाळी उभं राहा, सकाळी ऊन डोळ्यांत येतं.

कामार्ग म्हणजे रोन नदीचा त्रिभुज प्रदेश. इथल्या रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एरवी रोहित उथळ खाऱ्या पाण्यातल्या बेटावर चिखलाचे छोटे बुरूज रचतो, त्यावर एकच अंडं घालतो. बेटाभोवती पाणी टिकलं तर कोल्हा पोहोचत नाही आणि वसाहत तगते. कामार्गमध्ये साठच्या दशकात ही बेटं झिजत गेली आणि रोहितांची वीण थांबली. मग 1970 मध्ये फांगासिए नावाच्या तळ्यात, मिठागरांच्या हद्दीत, मुद्दाम भराव घालून बेट उभारलं. पक्ष्यांना भुलवायला त्यावर मातीचे खोटे बुरूजही करून ठेवले. 1974 मध्ये रोहित तिथे बसले आणि पुढची कित्येक वर्षं फ्रान्समधली रोहितांची वीण त्या एका बेटावर चालली. 1977 पासून तिथल्या पिल्लांच्या पायांत अक्षरं-आकडे कोरलेली प्लास्टिकची कडी घालतात. ती दुर्बिणीतून वाचता येतात. पुढे त्या भागातलं मीठ बंद झालं, जमीन निसर्ग संवर्धनासाठी घेतली गेली आणि पंपाचं पाणी येईनासं झालं. रोहितांनी तिथलं बस्तान हलवून पश्चिमेला एग-मोर्तच्या चालू मिठागरांची वाट धरली. निसर्गाला मोकळं सोडलं की पक्षी येतात असं आपण सहज म्हणतो, इथे पंप बंद झाल्यावर ते गेले. ठाणे खाडीवर आणि उरणच्या पाणथळींवर वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींनी ही गोष्ट नीट वाचावी असं मला नेहमी वाटतं. भरती-ओहोटीच्या आणि मिठाच्या कामाच्या पाण्यावर पोसलेल्या जागेला नुसतं कुंपण घालून भागत नाही.

तर कामार्ग मेअखेरीस जिवंत असतं, पण रोहितांची वसाहत तुम्हाला जवळून बघता येणार नाही, आणि येऊही नये. रोहित मनसोक्त दिसतील ते सांत-मारी-द-ला-मेरजवळच्या पाँ द गो या पक्षी उद्यानात. तिथल्या पायवाटा सपाट आहेत, बाकं आहेत आणि बगळ्यांची घरटी वाटेजवळच्याच झाडांवर असतात. आईंच्या दृष्टीनं ही जागा उत्तम. अडचणी दोन. एक मिस्ट्राल नावाचा उत्तरेचा वारा, तो सुटला की दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. दुसरी डास. कामार्गच्या डासांपुढे खाडीकाठचे आपले डास सुसंस्कृत वाटतात.

आता केर्किनी. तुमच्यासाठी माझा कौल याला आहे.

थेस्सालोनिकीपासून साधारण शंभर किलोमीटरवर, बल्गेरियाच्या सीमेलगत, बेलेस डोंगराच्या पायथ्याशी हे सरोवर आहे. सरोवर म्हणतात खरं, पण ते धरणाचं पाणी आहे. बल्गेरियातून येणाऱ्या स्ट्रिमोनास नदीवर 1932 मध्ये बांध घातला, तो गाळानं भरत आला म्हणून 1982 मध्ये नवा, उंच बांध घातला. हेतू पूरनियंत्रण आणि सेर्रेसच्या मैदानातली शेती. तुमच्या बाबांना हे सगळं ओळखीचं वाटेल. नांदूर मध्यमेश्वरलाही गोदावरीवरचा बंधारा गाळानं भरला आणि त्या गाळावरच पक्ष्यांचं राज्य वसलं.

केर्किनीची पाण्याची पातळी वर्षभरात चार-पाच मीटर वरखाली होते. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळतं, सरोवर चढत जातं आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला जवळपास काठोकाठ असतं. मग उन्हाळाभर शेतीला पाणी सोडतात आणि पातळी उतरते. म्हणजे तुमच्या तारखांना पाणी सर्वांत वर असेल. याचा एक तोटा असा की चिखलाचे काठ बुडालेले असतात, त्यामुळे चिखल्या-तुतारी ही चिखलात चरणारी पक्षीमंडळी कमी दिसतात. फायदा मोठा आहे. नदी सरोवराला मिळते तिथलं विलोंचं जंगल अर्धं पाण्यात उभं असतं आणि त्या झाडांवर मिश्र वसाहत ऐन भरात असते.

ती वसाहत नावेतून बघतात. नीट बघायची तर एका झाडावर नजर ठेवा. वरच्या, विष्ठेनं पांढऱ्या पडलेल्या फांद्यांवर मोठे पाणकावळे आणि राखी बगळे असतात. मधल्या भागात रातबगळे आणि छोटे बगळे, जिथे जागा मिळाली तिथे चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पक्षी. खाली पाण्याच्या जवळ छोटे पाणकावळे आणि पिवळसर स्क्वाको बगळे, हे आपल्या वंचकाचे सख्खे भाऊबंद. चमच्याच्या घरट्यात लहान पिल्लं दिसली तर चोची बघा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची चोच आखूड आणि साधी असते, टोकाचा चमचा वाढीबरोबर हळूहळू रुंदावत जातो. एकाच वसाहतीत वेगवेगळ्या वयाची पिल्लं असतात, त्यामुळे तासाभरात ही सगळी अवस्थांतरं शेजारी-शेजारी दिसतात. रातबगळ्याची जरा मोठी झालेली पिल्लं घरटं सोडून फांद्यांवर चढतात, आणि घाबरली तर पोटातलं सगळं ओकून टाकतात. नाव फार पुढे गेली की नेमकं हेच घडतं. आई-बापानं लांबून आणलेलं खाणं पाण्यात जातं, कधी पिल्लूही जातं. चांगला नावाडी इंजिन लांबच बंद करतो आणि नाव तरंगू देतो. "अजून थोडं पुढे घ्या" असं त्याला सांगायचं नाही. तो बक्षिसीच्या मोहात पुढे नेऊ लागला तर "इथेच थांबा" असं आपण म्हणायचं.

ही झाडं कायमची नाहीत, हेही बाबांना सांगून ठेवा. 1982 नंतर पातळी जास्त चढू लागली, विलोंची मुळं दर वर्षी जास्त काळ बुडायला लागली आणि जंगल खूप आक्रसलं. बोरूची बेटंही गेली. पेलिकनना बसायला कोरडी, सुरक्षित जागाच उरली नाही. मग माणसांनी लाकडी मचाणं आणि बेटं बांधली आणि डाल्मेशियन पेलिकन केर्किनीवर वीण करायला लागले. पंखांचा पसारा तीन मीटरच्या आसपास, डोक्यावर कुरळे केस, असा हा झोळीवाला. त्याची वीण थंडीतच सुरू होते, म्हणून मेअखेरीस मोठी झालेली पिल्लं दिसतील. छायाचित्रांत दिसते ती गडद नारिंगी-लाल झोळी जानेवारी-फेब्रुवारीतली, तुम्ही जाल तेव्हा ती फिकट पडलेली असेल. बाबांची त्या फोटोंवर भिस्त असेल तर आधीच कल्पना द्या.

त्या हिवाळी फोटोंबद्दल माझं मत सांगून टाकतो. त्यातले बरेचसे नावेतून मासे फेकून काढलेले असतात. फेकलेल्या माशावर तुटून पडणारे पेलिकन म्हणजे चित्र झकास येतं, पण पक्षी माणसाच्या हाताकडे बघायला शिकतो आणि उद्या त्याच आशेनं तो जाळ्याजवळ नाहीतर विजेच्या तारांजवळ येतो. स्थानिक नावाड्यांचा त्यावर संसार चालतो हे मला कळतं, तरी मी स्वतः पाहुण्यांना त्यासाठी नेत नाही. मेमध्ये हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो, कारण पक्षी आपापल्या कामात असतात.

आईंच्या गुडघ्यांसाठी केर्किनी मला सर्वांत सोयीचं वाटतं. सरोवराच्या पूर्वेच्या बांधावरून गाडी जाते. सकाळी लवकर त्या बांधावर जा, ऊन पाठीशी येतं आणि गाडीतून बाहेर न पडता खिडकीतूनच बघता येतं. गाडीला पक्षी बुजत नाहीत, दार उघडून माणूस उतरला की उडतात. पांढऱ्या कमळांच्या पानांचे गालिचे दिसले तर तिथे थांबा. आपल्या तळ्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या सुरय पक्ष्यांपैकी व्हिस्कर्ड सुरय तिथे पानांवरच काड्यांचं तरंगतं घरटं करते. नाशिककडे ती फिकट राखी दिसते, इथे पोट काळपट, टोपी काळी आणि मधे गालावर पांढरा पट्टा. बाबा पहिल्या नजरेत ओळखणार नाहीत यावर मी पैज लावायला तयार आहे.

आणि एक खास त्यांच्यासाठी. सरोवराभोवतीच्या शेतांतल्या तारांवर, झुडपांच्या शेंड्यांवर मे-जूनमध्ये काळ्या डोक्याचा भारीट गात असतो. पोट पिवळंधमक, डोकं काळं. हा युरोपात उशिरा, मेच्या सुरुवातीला पोहोचतो, कारण तो येतो भारतातून. याच पक्ष्यांचे थवे हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या ज्वारीच्या शेतांवर उतरतात. तिथे तो गात नाही, नराचा काळा रंगही पिसांच्या कडांखाली झाकलेला असतो. आफ्रिकेकडे जायचं सोडून हा पक्षी इटली-ग्रीसमधून थेट पूर्वेला आपल्याकडे येतो. ज्यानं सोलापूर-नगरच्या शेतात त्याला गप्प बघितलंय त्याला इथे तो गाताना ऐकायला मिळावा, एवढ्यासाठीसुद्धा मी केर्किनी सुचवलं असतं.

जेवणाची चिंता नको. परिसरात पाणम्हशींचे मोठे कळप आहेत, पाठीवर बगळे घेऊन चिखलात बसलेले. म्हशीच्या दुधाचे गोड पदार्थ गावात मिळतात. शाकाहारी असाल तर भाजलेले मोठे पांढरे पावटे, रानभाज्या, चीज किंवा पालक भरून भाजलेल्या 'पाई', एवढ्यावर छान भागतं.

आता घरट्यांजवळ जाण्याचा मुद्दा. युरोपीय संघाचा पक्षीविषयक कायदा 1979 पासून आहे, आणि विणीच्या काळात पक्ष्यांना मुद्दाम त्रास देणं त्यात मना आहे. पण कायद्यापेक्षा ऊन समजून घेतलं तर जास्त कळतं. मिठागरांच्या बांधांवर आणि भाताच्या खाचरांत शेकाट्या आणि चिखल्या उघड्यावर अंडी घालतात. दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो त्यांना ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. केंटिश चिखल्याकडे लांबून दुर्बीण लावून पाहा: जोडीदार पाण्यात जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसतो. तुम्ही फोटोसाठी बांधावर अर्धा तास उभे राहिलात तर तेवढा वेळ तो परत येत नाही आणि अंडी उन्हात भाजतात. तुम्हाला मात्र काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही, कारण घरटं मोडलेलं नसतं.

अंतर किती ठेवायचं याचा मीटरमध्ये नियम मी सांगत नाही. पक्ष्याकडे बघा. मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, म्हणजे त्याला तुम्ही कळलात. शेकाट्या डोक्यावर किकाटत घिरट्या घालू लागला किंवा चिखल्या पंख मोडल्यासारखा जमिनीवर फरफटू लागला, तर तुम्ही आधीच आत शिरलेले आहात. आलात त्याच वाटेनं मागे जा, कारण पुढे आणखी अंडी असू शकतात. ड्रोनचं कारणही हेच. वसाहतीतल्या पक्ष्यांना वरून येणारी वस्तू म्हणजे शिकारी पक्षी. सगळी वसाहत एकदम उठते, आणि रिकाम्या घरट्यांवर कुरव पक्षी क्षणात उतरतात.

मग जवळून बघायचंच नाही का? बघायचं, पण पक्ष्यांनी स्वतः माणसाजवळ घर केलेल्या ठिकाणी. पांढरा करकोचा त्यासाठी हवा तितका मिळेल. केर्किनीच्या भोवतालच्या गावांत विजेच्या खांबांवर त्याची घरटी आहेत आणि कॉफी पीत खालून सगळा संसार बघता येतो. त्या घरट्याच्या खालच्या काड्यांत चिमण्या आपली घरटी करतात, तेही पाहा.

आठ दिवसांची आखणी मी अशी करीन. म्युनिकहून थेस्सालोनिकीला विमान, तिथे गाडी भाड्यानं. चार रात्री केर्किनी. त्यातली एकच सकाळ नावेला द्या, वसाहतीला दोनदा त्रास नको. मग चार-साडेचार तासांचा प्रवास करून प्रेस्पा सरोवरांकडे दोन रात्री. उंचीमुळे तिथे हवा गार असते. छोट्या प्रेस्पात डाल्मेशियन पेलिकनची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. 2022 च्या वसंतात बर्ड फ्लूनं तिथे 1700 हून जास्त पेलिकन गेले, त्यामुळे आता पूर्वीइतकी गर्दी नसेल. मेलेला पक्षी कुठेही दिसला तर हात लावू नका, वनाधिकाऱ्यांना कळवा. आयिओस अखिलिओस बेटावर जाणारा तरंगता पूल सपाट आहे, आईंना जमेल. कठड्याला टेकून बोरूतले आवाज ऐकत बसायला ती जागा छान आहे.

शेवटची रात्र थेस्सालोनिकीत काढा आणि विमानाच्या आधीची पहाट अक्सिओस नदीच्या मुखाकडे जा. शहराच्या पश्चिमेला भाताची खाचरं आहेत, मेमध्ये त्यांत पाणी सोडलेलं असतं. तिथे शेकाट्या, मोरशराटी आणि आर्ली दिसतील. कालोखोरीच्या उथळ खाडीत रोहितही असतात. ते तिथे वीण करत नाहीत, पण त्यांच्या पायांत कडी असू शकतात. स्पॉटिंग स्कोप (तिवईवर लावायची मोठी दुर्बीण) असेल तर कडीवरची अक्षरं लिहून घ्या, रंग आणि कोणत्या पायात तेही. कडी घालणाऱ्या प्रकल्पाला कळवलंत की त्या पक्ष्याचा जन्म कुठला आणि तो मधल्या काळात कुठे कुठे दिसला याची यादी तुम्हाला येते. बाबांना याचा नाद लागेल.

साधनं कमी न्या. आठ बाय बेचाळीसच्या दोन दुर्बिणी, म्हणजे आईंना मागावी लागणार नाही. एक स्कोप आणि त्याला जड तिवई. कॅमेऱ्याला 400 किंवा 500 मिमीची लेन्स पुरे, कारण सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि त्यानंतर कितीही मोठी लेन्स लावली तरी लांबचा पक्षी धूसरच येतो. साडेपाचला बाहेर पडा, दहाला परत या, दुपारी झोपा, सहाला पुन्हा निघा. होडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि पहाटेची पहिली मागा. शनिवार-रविवार टाळा, तेव्हा गावात सहलीच्या बस येतात.